गोचिडाला रॉकेल नको, चिमटा हवा

संपादक महोदय,

पावसाळ्यात घरच्या कुत्र्यांच्या अंगावर गोचीड दिसू लागले की रॉकेलचा बोळा, विझत आलेली काडी, खोबरेल तेल असे उपाय हटकून सुचवले जातात. चटका बसलेला किंवा गुदमरलेला गोचीड आपणहून सुटतो, असा त्यामागचा समज आहे. वास्तविक गोचिडाच्या मुखावर मागे वळलेले बारीक काटे असतात, शिवाय त्याचा श्वास इतका मंद चालतो की तेलाखालीही तो बराच काळ तग धरतो. मात्र डिवचला गेल्यास लाळ आणि पोटातील द्रव जखमेत ओकण्याचा धोका असतो. कातडी भाजते ती वेगळीच.

त्यापेक्षा हातमोजे घालून, केस बाजूला सारून, बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत धरावा आणि पोट न दाबता, झटका किंवा पीळ न देता, सावकाश सरळ वर ओढावा. मुखाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नये, कातडी तो बहुधा आपणच बाहेर टाकते. जखम साबणाच्या पाण्याने धुवावी. काढलेला गोचीड नखाने चिरडण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. तो स्पिरिटच्या झाकणबंद बाटलीत टाकावा. कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत नीट पाहावे.

कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड घरातही वाढतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे अंथरूण आणि फटी साफ न करता नुसते गोचीड वेचणे व्यर्थ ठरते. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याने अन्न सोडले, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी गडद झाली, तर गोचिडामार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया किंवा बबेसिया या रक्तातील जंतूंची शंका घेऊन पशुवैद्यांकडून तातडीने रक्त तपासून घ्यावे.

औषध विक्रेत्यांना एक विनंती आहे. कुत्र्यांच्या गोचीडनाशकांपैकी काहींत परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकते. असे औषध देताना घरात मांजर आहे का, एवढे गिऱ्हाइकाला विचारावे आणि मांजरासाठी तेच औषध मागणाऱ्याला पशुवैद्यांकडे पाठवावे.

– एक श्वानपालक, पुणे