फिजिशियन असिस्टंटच्या प्रवेशाआधी मान्यतेची यादी लावा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रमांचे प्रवेश, मान्यता आणि नोंदणी यांबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या उपनगरातल्या एका संस्थेत मागच्या आठवड्यात लिफ्टशेजारी एक ए-फोर कागद चिकटवला गेला. बीएस्सी फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली शस्त्रक्रियेत आणि वॉर्डात मदत करायला शिकवणाऱ्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. मजकूर तीन ओळींचा : तांत्रिक कारणास्तव यापुढची परीक्षा आधी सांगितलेल्या विद्यापीठाकडून होणार नाही, पर्यायी विद्यापीठाचे नाव यथावकाश कळवले जाईल, विद्यार्थ्यांनी सहकार्य करावे. जावक क्रमांक नाही, तारीख नाही, प्राचार्यांच्या जागी ‘करिता’ म्हणून कोणाची तरी सही. मुलांची दोन वर्षांची फी भरून झाली आहे. त्यांनी सहकार्य करायचे म्हणजे नेमके काय, ते त्या कागदावर लिहिलेले नाही.

या मुलांच्या माहितीपुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात ‘संलग्नता : प्रक्रियेत’ असे छापलेले होते. संस्था त्याच ओळीकडे बोट दाखवते आणि म्हणते, आम्ही काही लपवले नाही. सतरा वर्षांच्या मुलाने ती ओळ वाचून तिचा कायदेशीर अर्थ लावायचा आणि तुमच्या खात्याने मात्र काहीच बघायचे नाही, ही विभागणी कोणी ठरवली?

आम्ही बारावी सायन्सच्या मुलांना आरोग्यशिक्षणाचे अर्ज भरायला मदत करतो. हा अभ्यासक्रम आम्हाला नीट माहीत आहे आणि तो चांगला आहे, म्हणूनच हे पत्र. देशात त्याची सुरुवात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या मदतीसाठी केली. बायपासच्या वेळी पायातली सॅफेनस शिर काढायची, तिच्या बारीक फांद्या एकेक बांधायच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या सलाइनने ती हळूच फुगवून कुठे गळते का बघायचे, आणि त्याच वेळी सर्जन छाती उघडत असतो. हे काम तयार हाताचे आहे. शिर ओढली किंवा जास्त दाबाने फुगवली तर आतले अस्तर दुखावते आणि त्या शिरेचे हृदयावर लावलेले कलम पुढे बंद पडू शकते. वॉर्डात हाच माणूस हिस्ट्री घेतो, राउंडच्या नोंदी ठेवतो, ड्रेसिंग बघतो, डिस्चार्ज समरी तयार करतो, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तास काम करावे असे केंद्राच्या निर्देशात लिहिले गेले, तेही १९९२ मध्येच. केईएमच्या किंवा सायनच्या वॉर्डात रात्री दोन वाजता ओळीने डिस्चार्ज कार्डे लिहीत बसलेल्या रेसिडेंटला विचारा, प्रशिक्षित असिस्टंट हाताशी असता तर काय फरक पडला असता.

आता कायदा. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांसाठीचा कायदा, २०२१ मध्ये संसदेने केला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत आणि नववा ‘मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आणि फिजिशियन असोसिएट’ हा आहे. हा शब्द लक्षात घ्या : असोसिएट. मुंबईतल्या जाहिराती म्हणतात असिस्टंट. उद्या नोंदणीच्या खिडकीवर पदवीवरचे नाव आणि अनुसूचीतले नाव जुळले नाही तर भुर्दंड कोणाला? एका परिपत्रकात निकालात निघेल असा हा प्रश्न आहे.

त्याच कायद्याने प्रत्येक राज्याला या व्यवसायांची नोंदणी करणारी परिषद नेमायला सहा महिने दिले होते. कायदा लागू झाला २५ मे २०२१ रोजी, म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२१ ची. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण लोक उगाच म्हणत नाहीत. पण इथे सहा महिने कायद्यानेच दिलेले होते आणि तरीही १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना १२ ऑक्टोबरची तारीख घालून द्यावी लागली. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा अभ्यासक्रमांचे नवे आराखडे जाहीर केले, त्यात फिजिशियन असोसिएटही आहे. कागद दिल्लीत तयार आहे. तो मुलुंडच्या आणि विरारच्या मुलाच्या हातात कसा पोचतो, हे बघणे तुमचे काम आहे.

बाहेरून सोपा दिसणारा हा अर्ज भरताना मूल कुठे कुठे अडकते, ते सांगतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, साधारण ५० टक्के, राखीव प्रवर्गाला सवलत, वय १७ पूर्ण. इथवर ठीक. पण महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचे, त्या विद्यापीठाला ही पदवी द्यायचा अधिकार आहे का, अभ्यासक्रमाला राज्य परिषदेची परवानगी आहे का आणि रुग्णालय कोणते, या चार प्रश्नांची उत्तरे चार दारांवर शोधावी लागतात. विद्यापीठ सांगते, परिषदेला विचारा. परिषदेचे नाव घेतले की दोन कायदे समोर येतात, राज्याचा २०११ चा पॅरामेडिकल कौन्सिलचा आणि केंद्राचा २०२१ चा. पास झाल्यावर मुलाने नाव नेमके कोणाकडे नोंदवायचे? याचे लेखी, तारखेसह उत्तर तुमच्या खात्याने एकदा तरी द्यावे.

काही समुपदेशक मुलांना सांगतात, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी आणि हे एकच. एक नाही. बीपीएमटी म्हणजे तीन वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप करून लॅब, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर अशा एका शाखेचा तंत्रज्ञ. तो उत्तम अभ्यासक्रम आहे आणि केईएम-नायरमध्ये शिकायला मिळाला तर सोन्याहून पिवळे. पण त्याचे काम वेगळे. उलट बाजूने, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने फिजिशियन असिस्टंट व्हा असे सांगणारेही आहेत. २०२१ च्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. ही बंदी मराठीत, रेल्वे स्टेशनांवर, महाविद्यालयांच्या फाटकांवर लावायला किती खर्च येतो?

रुग्णालयाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत कमी तपासला जातो. कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी (तंत्रज्ञ वगैरे) किमान २००० तास आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी (थेरपिस्ट वगैरे) किमान ३६०० तास शिक्षण सांगितले आहे. इंटर्नशिपचे वर्ष धरा : रोज सहा तास, आठवड्याला सहा दिवस, वर्षाला ४८ आठवडे, म्हणजे १७२८ तास. हे तास कुठे भरणार? तीस मुलांची तुकडी आणि सहा खाटांचा आयसीयू असेल तर प्रत्येक पाळीत मुले भिंतीला टेकून उभी राहतील आणि लॉगबुकात तास मात्र पूर्ण दिसतील. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, खाटा किती ते विचारू नका, करारपत्र मागा. रुग्णालयाशी झालेल्या करारावर मुदत कधीपर्यंत आहे, कोणकोणते विभाग आहेत, एका वेळी किती विद्यार्थी घेणार आणि लॉगबुकावर सही कोण करणार, हे चारही लिहिलेले हवे. बहुतेक पालकांना करारपत्र दाखवायलाच नकार मिळतो. तुमच्या निरीक्षकाला नकार देता येणार नाही. तो पाठवा.

कागदपत्रांचे तर विचारूच नका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, वर्ष गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट, दुसऱ्या बोर्डाचा असेल तर मायग्रेशन. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश जूननंतर सुरू होतात. ज्याच्या दाखल्याची मुदत त्याच मार्चला संपते तो नेमका अडकतो. सेतूच्या रांगेत मुले जूनमध्ये उभी असतात ती यामुळे. आणि एक गोष्ट कोणत्याच माहितीपुस्तिकेत ठळक नसते : हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची चाचणी, १० किंवा त्याहून जास्त आली पाहिजे. म्हणजे प्रवेश घेतल्या दिवशी पहिला डोस घेतला तरी संरक्षण मोजून कळायला सात-आठ महिने जातात. मुले मात्र दुसऱ्या सत्रात सुया हाताळू लागतात. अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘पहिला डोस घेतला का?’ असा रकाना सक्तीचा करा. पैसाही लागत नाही.

पैशावरून बोलायचे तर राग आवरत नाही. तुमच्याच सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्या निर्णयाचा आम्ही मनापासून आदर करतो. पण अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत, आणि फिजिशियन असिस्टंटच्या जागा बहुतांशी तिथेच आहेत. धारावीची मुलगी ‘फी माफ’ एवढेच ऐकून फॉर्म भरते, पहिला हप्ता घरातले दागिने मोडून भरला जातो आणि मग महाडीबीटीवर महाविद्यालयाचे नावच सापडत नाही. सरकारी महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम सुरू केला नाहीत, तर ही माफी या मुलींसाठी कागदावरच राहणार.

फी परतीचेही तसेच. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत सारे स्पष्ट आहे : प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, फक्त ५ टक्के आणि तेही कमाल ५००० रुपये कापून, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या १५ दिवसांत ८०, १५ ते ३० दिवसांत ५०, पुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. तरी शाळा सोडल्याचा मूळ दाखला कपाटात ठेवून ‘चारही वर्षांची फी भरा आणि घेऊन जा’ असे सांगणारे लोक या शहरात आहेत. दाखला अडकला की दुसरीकडे प्रवेश नाही, आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. अशा तक्रारीवर तुमच्या खात्याने ४८ तासांत दाखला सोडवून द्यावा. एक दूरध्वनी क्रमांक आणि तो उचलणारा एक माणूस, एवढ्यावर हे होऊ शकते.

अमेरिकेचे गाजर दाखवणाऱ्यांचाही बंदोबस्त करा. इथली बीएस्सी करून अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट होता येते असे सांगून सेमिनार भरवले जातात. तिथली परवाना परीक्षा, पॅन्स, फक्त एआरसी-पीए या तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यालाच देता येते. म्हणजे इथल्या पदवीधराला तिथे पुन्हा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यासाठी कॅस्पा या केंद्रीय पोर्टलवर अर्ज, गुणपत्रिकांचे मूल्यमापन, शिफारसपत्रे, ५००० अक्षरांच्या मर्यादेतले निवेदन आणि अनेक ठिकाणी रुग्णसेवेचे शेकडो तास लागतात. हे खरे सांगणाऱ्याच्या सेमिनारला गर्दी होत नाही, म्हणून सांगत नाहीत. आणि तुमचे खाते तर या विषयावर बोलतच नाही.

ब्रिटनमध्ये १३ डिसेंबर २०२४ पासून या व्यवसायाची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली. जुलै २०२५ च्या सरकारी समीक्षेने नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावे आणि निदान न झालेले रुग्ण त्यांनी परस्पर तपासू नयेत, असे सुचवले. तिथे वाद झाला, कारण रुग्णाला समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हेच कळत नव्हते. आपल्याकडे हा वाद रुग्णाचा जीव गेल्यावर व्हायला हवा आहे का? काय करायचे, काय करायचे नाही, औषधाच्या चिठ्ठीवर सही कोणाची, गळ्यातल्या ओळखपत्रावर कोणता शब्द, हे आधी लिहून काढा. रुग्णालयांच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) पदनाम आणि वेतनश्रेणी घाला. पदनाम नसेल तर चार वर्षे शिकलेल्या मुलाला खासगी रुग्णालय वॉर्ड असिस्टंटच्या पगारावर घेते आणि काम मात्र डॉक्टरचे सांगते. मुलगा करतो, कारण घरी कर्जाचा हप्ता आहे.

आमची पहिली मागणी एकच आहे. प्रवेश अर्ज सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी, मराठीत, एकाच पानावर यादी लावा : महाविद्यालय, विद्यापीठ, पदवीचे नेमके नाव, मंजूर जागा, परवानगीचा क्रमांक आणि तारीख, संलग्न रुग्णालय, फी, आणि ही पदवी नोंदणीस पात्र आहे की नाही. यादीत नाव नसलेल्या संस्थेला प्रवेश देता येणार नाही, असा आदेश त्याच दिवशी काढा. ‘प्रक्रियेत’ हा शब्द जाहिरातीत वापरायला बंदी घाला. मान्यता असते किंवा नसते.

आणि त्या लिफ्टशेजारच्या कागदाचे काय करणार, तेही कळवा. परीक्षेचे अर्ज भरायची वेळ जवळ आली आहे. मुले अजून रोज वर्गात जात आहेत.

आपले,
आरोग्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करणारे काही शिक्षक, मुंबई