मालदीवच्या जाहिरातीत जे छापले जात नाही

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांत मालदीवच्या जाहिराती पान भरून येतात. ‘चार रात्री, पाच दिवस, माणशी अमुक हजार’ हा आकडा ठळक असतो. त्यात काय धरले आहे आणि काय नाही, याचा पत्ता नसतो. अशा सहली आखण्याच्या कामात असल्याने आमची आपल्याला विनंती आहे, की जाहिरातदाराकडून निदान तीन गोष्टी छापून घ्याव्यात: करांसह एकूण रक्कम, राजधानी मालेच्या विमानतळापासून बेटापर्यंतचे वाहन, आणि बेट स्थानिक लोकांच्या वस्तीचे आहे की नुसत्या रिसॉर्टचे.

आधी पैशांचे. खोलीच्या भाड्यावर बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क लागते. भाडे आणि सेवाशुल्क यांच्या बेरजेवर पर्यटन जीएसटी बसतो. तो जुलै २०२५ पासून १६ वरून १७ टक्के झाला. त्याशिवाय ‘ग्रीन टॅक्स’ माणशी आणि रात्रीमागे वेगळा असतो. जानेवारी २०२५ पासून तो वस्तीच्या बेटावरील ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये ६ डॉलर, तर रिसॉर्टमध्ये १२ डॉलर आहे. समजा, दोघांसाठी गेस्टहाऊसची खोली ८० डॉलर रोजाने चार रात्री घेतली. भाडे ३२०, सेवाशुल्क ३२, जीएसटी सुमारे ६० आणि ग्रीन टॅक्स ४८, म्हणजे बिल ४६० डॉलरच्या घरात जाते. ३२० वाचून निघालेल्या कुटुंबाला हा फरक शेवटच्या सकाळी खोली सोडताना कळतो. विमानतळाचे शुल्क मात्र तिकिटातच असते. इकॉनॉमीच्या परदेशी प्रवाशाला ५० डॉलर निर्गमन कर आणि ५० डॉलर विमानतळ विकास शुल्क पडते. हे १०० डॉलर कुणी वेगळे मागत असेल, तर तिकिटातली करांची फोड दाखवायला सांगा. ‘इमुगा’ हा प्रवासी अर्जही फुकट आहे. तो जाताना आणि येताना, विमानाच्या वेळेआधी ९६ तासांच्या आत भरायचा असतो. त्यासाठी पैसे घेणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत.

सर्वांत जास्त घोळ विमान उतरण्याच्या वेळेमुळे होतो. दूरच्या रिसॉर्टला नेणारे सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे छोटे विमान, फक्त उजेडात उडते, कारण वैमानिकाला पाण्यावर डोळ्यांनी पाहून उतरायचे असते. दुपारी साडेतीननंतर उतरणाऱ्याला त्या दिवशीचे सीप्लेन बहुधा मिळत नाही. मग रात्र विमानतळाजवळच्या हुळुमाले या वस्तीत काढावी लागते आणि रिसॉर्टची पहिली रात्र पैसे भरूनही वाया जाते. सीप्लेनमध्ये साधारण २० किलो सामान आणि ५ किलोची हातातली पिशवी चालते, त्यापुढे किलोमागे पैसे पडतात. वस्तीच्या बेटांवर स्पीडबोट जाते. माफुशी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, धिगुरा दोन तासांवर. सरकारी फेरीबोट अगदी स्वस्त, पण संथ असते आणि शुक्रवारी सहसा बंद राहते. म्हणून शुक्रवारी पोहोचणारी सहल फेरीबोटीच्या भरवशावर आखू नये. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी आणि मागच्या बाकावर बसावे. पुढचा भाग लाटेवर सर्वांत जास्त आपटतो.

आता बेट कोणते, हा प्रश्न. १९७२ साली कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. तेव्हापासून बरीच वर्षे पर्यटक रिसॉर्टच्या बेटांवर आणि स्थानिक लोक आपापल्या बेटांवर, अशी विभागणी होती. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना वाट मिळाली आणि मध्यमवर्गीय प्रवाशाला मालदीव परवडू लागले. मात्र वस्तीच्या बेटावर देशाचा कायदा आणि गावाची रीत दोन्ही लागू होतात. मद्य मिळत नाही. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त आखून दिलेल्या बिकिनी बीचवर चालतात, गल्लीत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात. मुंबई विमानतळावर घेतलेली मद्याची बाटली मालेचे कस्टम्स पावती देऊन ठेवून घेते आणि परतताना देते. ई-सिगारेट तर नेऊच नये, तिच्यावर २०२४ पासून बंदी आहे. आपल्या लोकांना हमखास माहीत नसलेली बाब म्हणजे पूजेची मूर्ती निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहे. प्रवासात छोटा गणपती जवळ ठेवणाऱ्यांनी तो घरी देव्हाऱ्यातच राहू द्यावा.

शाकाहाऱ्यांनी आरक्षण करतानाच लेखी कळवावे. न्याहारीची मशुनी म्हणजे टूना, खोबरे आणि कांदा. समोशासारख्या दिसणाऱ्या बजियातही बहुधा टूनाच असतो. धिवेही भाषा आपल्या भाषाकुळातली, तिच्यात ‘मस’ म्हणजे मासा. पदार्थ दाखवून तेवढा एक शब्द विचारला तरी समोरच्याला कळते.

हंगामाविषयी जाहिराती गप्प असतात. तिथला नैर्ऋत्य मोसम साधारण मे ते ऑक्टोबर असतो, म्हणजे आपल्याकडे पाऊस पोहोचण्याआधीच तिथे वारा फिरलेला असतो. मेच्या उत्तरार्धात जाणाऱ्याने बेटाच्या पश्चिम बाजूला प्रवाळावरचे पाणी शांत मिळेल असे धरू नये. कोरडा काळ डिसेंबर ते एप्रिल. तरीही पावसाळी महिने वाईट असे आम्ही म्हणणार नाही. बा अटोल या प्रवाळबेटांच्या कड्यातील हनिफारू बे या उपसागरात मांटा रे हे मोठे चपटे मासे जमतात ते याच दिवसांत, कारण वाऱ्याने आणि भरतीने प्लवक, म्हणजे त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव, तिथे कोंडतात. तिथे हवेची टाकी लावून खोल जाणे (स्कूबा) मना आहे, फक्त मास्क आणि नळी लावून वरच्यावर पोहणे (स्नॉर्केलिंग) चालते.

पाण्यातले अपघात बहुतेकदा प्रवाहाने होतात. प्रवाळाच्या कड्याआतले उथळ पाणी आणि खुला समुद्र यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या वाटेतून ओहोटीला पाणी जोरात बाहेर ओढले जाते. उतरण्यापूर्वी पाण्यावर तरंगणारे पान कुठे जाते ते पाहा आणि सुरुवातीला प्रवाहाच्या उलट दिशेने पोहा, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच मदत करील. एकट्याने जाऊ नये, पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावे. मास्कमध्ये पाणी आले की घाबरून प्रवाळावर उभे राहण्याची चूक नवखे करतात. त्यात पाय कापतो आणि कित्येक वर्षांत वाढलेली फांदी मोडते. १९९८, २०१६ आणि २०२४ च्या तापलेल्या समुद्राने ही प्रवाळे आधीच पांढरी पाडली आहेत, त्यात आपल्या टाचांची भर नको. व्हेल शार्कपासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर दूर राहावे. प्रवाळाचे तुकडे आणि वाळू बॅगेत घालणे कायद्याने गुन्हा आहे. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख उत्तम. सुती टी-शर्ट आणि लेगिंग पाणी पिऊन जड होतात आणि पोहणाऱ्याला थकवतात.

पुरवणीत जागा कमी असेल, तर प्रत्येक जाहिरातीखाली या धर्तीची एक ओळ पुरेल: ‘सर्व करांसह दोघांचे एकूण, स्पीडबोट जाऊन-येऊन धरलेली, वस्तीचे बेट, मद्य नाही.’

आपले,
बेटसहली आखणारे काही सहकारी, ठाणे