मुंग्यांच्या वजनाची सबब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरणाचा विषय निघाला की माणसाची कीटकांशी तुलना हमखास होते आणि ती दोन तऱ्हांची असते. एक म्हणजे, मुंग्या केवढ्या आहेत, वाळवी किती मिथेन (हवा तापवणारा वायू) सोडते, मग एकट्या माणसाच्या नावाने खडे का फोडता? दुसरी म्हणजे, मुंगीकडून शिका, ती निसर्गाशी जुळवून राहते. मला दोन्ही पटत नाहीत. दुसरी तर मुळीच नाही.

आधी वजनाचे बघू. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार पृथ्वीवर 20 वर 15 शून्ये इतक्या मुंग्या आहेत. सारे रानटी पक्षी आणि सस्तन प्राणी एका पारड्यात टाकले तरी मुंग्यांचे पारडे जड. पण माणसांच्या वजनापुढे त्या जेमतेम पाचवा हिस्सा भरतात. आणि आपले वजन देहाचे थोडेच असते? काँक्रीट, खडी, विटा, डांबर, धातू या मानवनिर्मित वस्तूंचा भार 2020 च्या सुमारास पृथ्वीवरच्या एकूण सजीवांच्या कोरड्या वजनाइतका, म्हणजे सुमारे 1.1 लाख कोटी टन झाला. त्यातले नुसते प्लास्टिक जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या सर्व प्राण्यांच्या दुप्पट भरते.

बांधकामात वाळवीही कमी नाही. ईशान्य ब्राझीलमध्ये तिने उपसलेल्या मातीचे सुमारे 20 कोटी ढिगारे आहेत, माणसाहून उंच. काही तर जवळजवळ 4000 वर्षांपूर्वीचे. पसारा ग्रेट ब्रिटनएवढ्या प्रदेशात, माती सुमारे 10 घन किलोमीटर. तरी बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता अगदी अलीकडे लागला, कारण भोवती काटेरी झुडपांचे रान उभे होते. गुरांच्या कुरणांसाठी माणसाने ते तोडले, तेव्हा ढिगारे उघडे पडले! राहिला मिथेन. जगातल्या एकूण मिथेनमध्ये वाळवीचा वाटा 1 ते 3 टक्क्यांच्या आसपास, माणसाच्या उद्योगांचा सुमारे 60 टक्के.

आता मुंगीच्या शहाणपणाबद्दल. कीटकांना संयम वगैरे काही नसतो. वाळवंटी टोळांच्या एका चौरस किलोमीटरच्या थव्यात 8 कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि तो थवा दिवसाला 35,000 माणसांइतके खातो. पुढच्या पिढीसाठी चार पाने ठेवावीत असे त्यातल्या एकालाही वाटत नाही. त्यांना आवरतात पक्षी, बुरशी, कोरडी हवा, थंडी. लगाम बाहेरचा आहे. भूक माणसालाही तशीच आहे, फक्त आपण आपले लगाम एकेक करून सोडवले आणि जाता जाता त्यांचेही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचे उदाहरण घ्या. तिथला पाइन पोखरणारा भुंगेरा काही परका नाही. त्याच्या अळ्या सालीखाली हिवाळा काढायच्या आणि उणे 40 अंशांच्या आसपासची थंडी पडली की बहुतेक मरायच्या. हिवाळे सौम्य झाले आणि 1990 च्या दशकापासून सुमारे 1.8 कोटी हेक्टर जंगलाला त्याची झळ बसली. भुंगेरा तोच, झाड तेच, थंडी आपण काढून घेतली. (जुन्या पाइनची दाट राने वणवे विझवून विझवून आपणच राखली होती, हेही आलेच.)

ऑस्ट्रेलियातली माश्यांची गोष्ट याच्याही आधीची. 1788 मध्ये गोऱ्या वसाहतीबरोबर गुरे आली. तिथल्या शेणकिड्यांना, म्हणजे शेण पुरून संपवणाऱ्या भुंगेऱ्यांना, सवय कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची. गाईच्या ओल्या पोवाकडे ते फारसे फिरकेनात, शेण महिनोन्‌महिने पडून राहिले आणि त्यात वाढणाऱ्या माश्यांचे फावले. अखेर 1960 च्या दशकात जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने परदेशातून शेणकिडे आणून सोडावे लागले.

दरम्यान, जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांमध्ये 1989 पासून 27 वर्षे सापळे लावून उडणाऱ्या कीटकांचे वजन मोजले गेले, तेही बरेचसे हौशी कीटकप्रेमींनी. वजन 75 टक्क्यांहून जास्त घटले होते. संरक्षित क्षेत्रांमध्ये, हे लक्षात घ्या.

म्हणून एक विनंती. ‘टोळधाड’, ‘किडीचा हल्ला’ अशा मथळ्यांच्या बातम्या छापताना त्या किडीला आवरणारे तिथे काय होते आणि ते कधी नाहीसे झाले, एवढी एक ओळ वार्ताहराकडून जरूर मागून घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक