स्ट्रीक तुटली तर शिक्षा कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गोळी घेतली की पॉइंट, फिरून आलात की बिल्ला, सलग आठवडा पाळलात की टाळ्या. मनोरुग्णांसाठी अशी खेळवजा ॲप आली आहेत आणि 'हे काय पोरखेळ' म्हणून नाक मुरडणारेही बरेच भेटतात. मला ती कल्पना वाईट वाटत नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. भास, संशय गोळ्यांनी बरेच आटोक्यात आले. पण अंघोळ करावी, चार माणसांत बसावे, ही उमेद गोळीने फारशी परत येत नाही, आणि गाव त्याला आळशी म्हणून मोकळे होते. या आजारात हातात पडलेल्या गोष्टीचा आनंद पुष्कळदा होतो, मात्र 'केले तर बरे वाटेल' ही ओढच लागत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून लगेच मिळणारे छोटे बक्षीस उपयोगी पडू शकते. पॉइंटांसाठी का होईना, भाऊ बंदरापर्यंत जाऊ लागला. तिथे जाळी दुरुस्त करत बसलेल्या खलाशांशी बोलतो. त्या बोलण्याला ॲपमध्ये पॉइंट नाहीत; आईला मात्र तेच जास्त मोलाचे.

माझी तक्रार आहे ती स्ट्रीकबद्दल, म्हणजे न चुकता पाळलेल्या सलग दिवसांच्या मोजणीबद्दल; एक दिवस चुकला की ती शून्यावर येते. पावसात आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो. गेल्या पावसाळ्यात असाच फोन मेला. तो चालू झाला तेव्हा पडद्यावर शून्य, आणि शेजारी रडवेले कार्टून. गोळ्या त्याने वेळेवर घेतल्या होत्या. "तो माकाच बघता," म्हणाला आणि फोन पालथा घातला, तो बरेच दिवस तसाच. टीव्हीवरचा निवेदक आपल्याविषयीच बोलतोय असे वाटणे हे ज्या आजाराचे लक्षण, त्या माणसाला रुसलेले चित्र दाखवू नये, एवढे तरी बनवणाऱ्यांना सुचायला हवे होते. बायपोलरच्या, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराच्या रुग्णाचेही तेच. उन्मादात आधीच झोप उडालेली आणि हात सढळ. त्याला रात्री दोन वाजता 'पैसे भरा, पुढची लेव्हल उघडा' म्हणणे हा निव्वळ धंदा झाला.

खरे तर स्ट्रीक तुटणे ही घरच्यांना आणि डॉक्टरांना कामाची खूण आहे. गोळी चुकणे, झोप कमी होणे, बाहेर पडणे थांबणे, आजार उलटण्याआधी बहुधा हेच दिसते. तेव्हा रुग्णाला शून्य दाखवण्याऐवजी, त्याने बरा असताना दिलेल्या संमतीनुसार, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समुपदेशकाकडे निरोप जावा आणि तिकडून माणसाचा फोन यावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे, पण तिथे फोन आपणच करायचा असतो. आजार उलटू लागलेला माणूस तो सहसा करत नाही. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचे तर आमचा अख्खा दिवस एसटीत जातो. या आजारांवरची क्लोझापिन किंवा लिथियम ही औषधे घेणाऱ्याला रक्ततपासणी चुकवून चालत नाही, ते काम कुठलेही ॲप करणार नाही.

आणखी एक. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. भावाने किती वाजता गोळी घेतली, कधी झोपला, कुठवर चालला, ही नोंद कोणाकडे जाते? ॲपमध्ये 'मी सहमत आहे' हे बटण तेवढे मराठीत आहे. त्यावरची सगळी पाने इंग्रजीत.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग