तुझ्या नावाचा उतारा

अमळनेर,
सोमवार, रात्री

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की दोघींचाही आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. आखाजीला आलीस, सांजोऱ्या खाल्ल्यास, गौराईच्या झोक्यावर बंटीच्या पोरीला बसवलंस, आणि शेवटच्या संध्याकाळी घर घेण्यावरून सगळं बिनसलं. ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसेपर्यंत तू नानांशी बोलली नाहीस. ते स्टँडवरून आले आणि न जेवता गच्चीवर जाऊन पडले. मी म्हटलं, लेकरू आहे, निवळेल. तर म्हणाले, "बत्तीस वर्षांची झाली ती, आणि परक्या माणसाने तिला महिन्याभरात घर खाली करायला सांगितलंय." पुढे काही बोलले नाहीत.

मी आज घर घेण्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. भाड्याची नवीन जागा पुण्यात वाकडलाच बघतेयस की दुसरीकडे, एवढं कळव. आणि करार नोंदवून घे. अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी लागत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. आपल्या महाराष्ट्रात तसं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. डिपॉझिट किती आणि परत कधी, हे त्यातच लिहून घे. पण बेटा, कागद कितीही पक्का केला तरी मुदत संपली की उठावं लागतं. माझा जीव तिथेच अडकतो. पाहिलंस, लिहिणार नाही म्हटलं आणि त्याच वाटेला लागले.

नगरपरिषदेत घरपट्टीच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. गावातलं कुठलं घर कोणाचं, हे मला माणसांच्या चेहऱ्यांआधी रजिस्टरावरून माहीत. बाईचं नाव त्यात यायचं ते बहुतेक नवरा वारल्यावर, वारस नोंदीने, तेही मुलांच्या नावांबरोबर. बहिणींची नावं आली की थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र घेऊन भाऊ हजर. बहीण सोबत यायची, सही करायची, आणि भाऊ तिला बाहेर रसवंतीवर रस पाजायचा. कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हक्क दिला, आपल्या राज्यात १९९४ ला, सगळ्या देशात २००५ ला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. तरी सह्या होतच राहिल्या. माझीही आहे, मामाच्या कागदावर. माहेर तुटू नये म्हणून केली, आणि माहेर तुटलं नाही.

तुला जिजीचं धाब्याचं घर आठवतं ते उन्हाळ्यातलं. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस आणि आत गारवा. पण मृग जवळ आला की धाब्यावर खारी माती टाकायची असायची, नाहीतर पावसात कड्या गळायच्या. जिजी स्वतः शिडी चढायची. आजोबांच्या हयातीतही तीच, नंतरही तीच. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, तेव्हा मी उतारा घरी आणून तिला वाचून दाखवला. तिने माझ्याकडून नाव कुठे लिहिलंय ते बोटाने दाखवून घेतलं आणि विचारलं, "आते हाई घर मन्हं शे का वं?" मी हो म्हटलं. सत्तरी ओलांडलेली बाई. तिने तो कागद देवघरात ठेवायला सांगितला. तू तेव्हा दहावीला होतीस, क्लासवरून आलीस आणि विचारलंस की जिजी कशाला रडते. तुला मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

आणि शोभाआत्या. तिचं तुला सगळं माहीत आहे, मी लिहीत नाही. दोन पोरं, एक पत्र्याची पेटी, आणि त्याच घराच्या ओसरीवर एवढी वर्षं. तिला कोणी कधी उठ म्हटलं नाही. जिजी असेपर्यंत कोणाची हिंमत नव्हती. पण कोणी उठ म्हणेल का, हे ती रोज तोंडाकडे पाहून ताडायची. भाजी वाढताना, लाइटबिल आलं की, बंटीचं लग्न ठरलं तेव्हा. तू तशी नाहीस, तू कमावतेस, हे तू म्हणशील. शोभाआत्याही बालवाडीत शिकवायची.

आता बरडातल्या एकराबद्दल. नानांनी तुला विचारलं तेव्हा तुला वाटलं की ते आपली जमीन विकून तुझ्यावर उपकार करायला निघालेत. तो एकर नानांचा नाहीच. तो माझा आहे. शेतकरी संघटनेत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा म्हणून. नाना तेव्हा कापसाच्या आंदोलनात फिरायचे. भाऊबंद हसले, आजोबा महिनाभर धड बोलले नाहीत, पण नानांनी फेरफार करून आणला. त्या एकरात कापूस कमी, दगड जास्त. मी नोकरीवर जाताना कधी कोणाला सांगितलं नाही, पण बसमध्ये बसल्यावर मला तो आठवायचा आणि बरं वाटायचं. तो विकायचा की नाही हे मी ठरवणार, आणि त्याचे पैसे तुझ्या घरात जावेत असं मला वाटतं. बंटीशी बोलणं झालंय. त्याची ना नाही.

तू जो हिशोब मोबाइलवर दाखवलास तो मी दुसऱ्या दिवशी वहीत करून पाहिला. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ४३ हजारांच्या वर, आणि फेड एक कोटी चार लाखांवर. भाडं २४ हजार. तुझा आकडा बरोबर आहे. मग मी आमचा काढला. तेव्हा माझा पगार अडीच हजार. प्लॉट २८ हजारांचा, आणि दोन खोल्या बांधून एकूण एक लाख दहा हजार. म्हणजे माझा ४४ महिन्यांचा पगार. तुझा पगार ८५ हजार आणि फ्लॅट ६५ लाखांचा, म्हणजे ७६ महिन्यांचा. शिवाय आम्ही जिजीकडे राहत होतो, भाडं भरत नव्हतो. "तुमच्या काळी जमलं कारण तेव्हा जमण्यासारखं होतं," असं तू चिडून म्हणालीस, ते वहीत खरं निघालं. मी नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

पण पल्लवी, जमण्यासारखं होतं म्हणजे सोपं नव्हतं गं. स्लॅबच्या वेळी माझ्या पाटल्या मोडल्या, जळगावला जाऊन. घरकर्जाला तेव्हा चौदा-पंधरा टक्के व्याज. दोन वर्षं आम्ही लग्नाला कुठे गेलो तर हातात नारळ आणि ब्लाऊजपीस. आणि तू व्हिएतनामला जाऊन आलीस, तीनशे रुपयांची कॉफी, रात्री अकराला दारात जेवण आणणारा मुलगा, दर दिवाळीला नवा मोबाइल. चांगला चालणारा मोबाइल बदलायचा कशाला? पैसा हातात असतानाच धरायचा असतो, तो गेला की...

असो. सुरू झालं माझं, माफ कर. मी तेही वहीत मांडलं होतं. व्हिएतनामचा सगळा खर्च म्हणजे दोन हप्ते सुद्धा धड होत नाहीत. कॉफी सोडून पुण्यात घर होत नाही. आणि माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे तू एका दिवसात भरलेस, ते कुठून आले? त्याच पगारातून. दवाखान्यात मी शेजारच्या बाईला सांगत होते, मुलीने भरले, मुलीने भरले. तुझ्या नानांनी मला गप्प केलं, नाहीतर मी सगळ्या वॉर्डला सांगितलं असतं. तिथले डोंगर आणि होड्या बघून तू फोनवर किती बोललीस, तेव्हाही मला बरं वाटलं होतं. मी नाशिकच्या पुढे एकटी कधी गेले नाही.

विप्रोचं म्हणालीस, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देते. खरंच आहे, १९४५ साली आपल्या या गावात त्याच कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि ज्या घरांनी तेव्हाचे थोडेसे शेअर घेऊन ठेवले त्यांची पोरं-नातवंडं आज लखपती-करोडपती आहेत. "त्यांनी प्लॉट नाही घेतले, आई," असं तू म्हणालीस. पण ती घरं मला माहीत आहेत, त्यांची घरपट्टी मी भरून घेतली आहे. शेअर त्यांनी पन्नास-पन्नास वर्षं हलवले नाहीत, कारण डोक्यावरचं छप्पर त्यांचं स्वतःचं होतं. आजारपण आलं, दुष्काळ आला, तरी कोणी त्यांना उठा म्हटलं नाही, म्हणून कागद पेटीत राहिला. ज्यांना गरज पडली त्यांनी विकून टाकले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. तू एसआयपी करतेस ते करच. मी त्याच्या विरोधात नाही. आजोबांच्या ठेवपावत्या बुडालेल्या पतसंस्थेच्या, अजून कपाटात आहेत, त्यामुळे कागदाच्या पैशाची मला भीती वाटते. तो माझा भाग झाला. तुझ्यावर लादत नाही.

तुझ्या मैत्रिणीचा फ्लॅट अर्धवट राहिला आणि ती भाडं आणि हप्ता दोन्ही भरते, हे ऐकून मलाही धसका बसला. म्हणून तयार झालेलं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घरच बघायचं. नवं बांधकाम असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर नोंदणी आणि ताबा द्यायची तारीख पाहायची. आणि एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. ६५ लाखांवर ६५ हजार. लग्न झालं तरी ते घर तुझ्या एकटीच्या नावावरच राहायला हवं, हे मी आत्ताच लिहून ठेवते. लग्नाचा विषय काढत नाहीये.

आणि पुणंच का? नोकरी बंगळुरूला गेली तर, असं तू म्हणालीस. मग जळगावला घे. नाहीतर इथे, ढेकू रोडला प्लॉट घे, नुसतं कुंपण घालून ठेव. राहू नकोस त्यात. पण तुझ्या नावाचा उतारा असू दे. नोकरी गेली, तब्येत बिघडली, कोणाशी पटलं नाही, तर कुलूप उघडून आत जाता येईल अशी एक जागा. आमचं घर आहेच, तुझी खोली तशीच आहे. पण आम्ही असेपर्यंत ते आमचं आणि नंतर तुझं नि बंटीचं, आणि बंटीची बायको चांगली असली तरी तुला तिच्या तोंडाकडे पाहावं लागू नये.

एकराचा सौदा मी अजून कोणाशी बोललेले नाही. तू नको म्हणालीस तर आणखी एक वर्ष थांबेन, वर्षभर तुला विचारणार नाही. एवढं मला पाळता येईल असं वाटतं.

पंधरा तारखेनंतर मी पुण्याला येते. बिबड्या आणि कुरडया वाळल्या आहेत, डबा भरून आणते. सामान हलवायला एकटी लागू नकोस, पुस्तकांची खोकी उचलू नकोस, कंबर धरते तुझी. दोन-तीन तयार घरं बघू. नाही आवडली तर भाड्याची जागा मिळून शोधू, मी तोंड वाकडं करणार नाही. आणि त्या माणसाने तारखेच्या आधी खाली करा म्हटलं तर वाद घालू नकोस, मला त्याच दिवशी फोन कर. मी रात्रीची गाडी धरेन.

तुझी,
आई