दोन 'तो'ची गोष्ट

प्रिय विनय,

कादंबरिकेचा मसुदा वाचून झाला. पार्टीबाज समीर आणि लाजरा, कीबोर्डला चिकटलेला सुमीत ही जोडी जमणार. पण आधी एक बारसं करावं लागेल. समीर-सुमीत एकाच अक्षराने सुरू होतात, लांबीही सारखीच. तो-तीच्या गोष्टीत हे खपून जातं, कारण नुसतं 'हसला' की 'हसली' यावरून वाचकाला कळतं कोण ते. इथे दोघेही 'तो', म्हणजे सगळा भार नावांवर. सुमीतचा केदार कर. पुढे मी केदारच लिहितो.

तुझं वाक्य बघ: 'त्याने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा ग्लास उचलला.' ग्लास कोणाचा? स्वतःचा असेल तर 'आपला' लिही, तो कर्त्यालाच चिकटतो. दुसऱ्याचा असेल तर सरळ 'समीरचा'. प्रत्येक प्रकरण एकाच्याच नजरेतून ठेव. ज्याची नजर तो 'तो', दुसऱ्याचं नाव घ्यायचं. नाव फार वेळा येतंय म्हणून तू 'चष्मेवाला तरुण', 'उंच देखणा' असलं काही घातलंयस, ते सगळं काढ. पंचनाम्यात असं लिहितात. जवळच्या माणसाला मनातल्या मनात कोणी 'चष्मेवाला तरुण' म्हणत नाही. आणि तिसऱ्या प्रकरणात केदार समीरला 'तुम्ही' म्हणतो, चौथ्यात 'तू'. मधे काय झालं? हा अख्खा प्रसंग तुला फुकट मिळाला होता, तो दोन प्रकरणांच्या फटीत पडलाय.

आता क्लबचा प्रसंग. डान्स फ्लोअरच्या कडेला उभे राहून दोघं बालपणाबद्दल बोलतात! साधं बोलणं साधारण ६० डेसिबल, आणि तिथला गोंगाट १०० च्या आसपास. ऐकूच येणार नाही रे. पण यातच तुझी गोष्ट आहे. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे बोलायचं तर तोंड कानाशी न्यावंच लागतं. लाजऱ्या माणसाला जवळ यायला याहून चांगलं निमित्त कुठून आणणार? गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार्डने १९११ साली हे मांडलं, म्हणून तो लोंबार्ड परिणाम. बाहेर येऊन दार बंद झाल्यावरही केदार क्षणभर ओरडूनच बोलेल. मात्र तिथे प्रेमाची कबुली नको, सगळे तेच करतात. 'माझी बस चुकेल' एवढंच ओरडू दे.

पहिला स्पर्शही इथेच उरकता येईल. केदारच्या खिशात फोमचे इअरप्लग असणारच. त्याला आकडे पाठ असतील: ८५ डेसिबल ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या संस्थेची ही शिफारस आहे. हे तो समीरच्या कानात ओरडून सांगतो, त्याचं फ्लर्टिंग हेच. मग एक जोडी देतो. समीर ती बोंडासारखी नुसती कानात दाबतो, ती लगेच बाहेर येते. बरोबर पद्धत अशी: प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. केदार हे समीरच्या कानावर करून दाखवतो. ते २० सेकंद सावकाश लिही.

केदार लाजरा आहे की अंतर्मुख, हे मात्र ठरव. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी प्रचारात आणली तेव्हापासून लोक या दोन्हींची गल्लत करताहेत. अंतर्मुख माणूस एकटा मजेत असतो. लाजऱ्याला यायचं असतं, पण भीती वाटते. दुसऱ्या प्रकरणात केदारला घाम फुटतो, सहाव्यात त्याला नुसता कंटाळा येतो. मला घामवाला केदार आवडला: जो वाक्य मनात दोनदा म्हणून बघतो आणि तोवर विषय बदललेला असतो.

समीरला तू उथळ करून टाकलंयस. चांगली पार्टी करणं हे कसब आहे. कोपऱ्यात कोण अडकलंय, कोणाला आता पाणी द्यायला हवं, शेवटी कोण कोणाबरोबर घरी जाणार, हे त्याला न विचारता कळायला हवं. केदारला तो 'मिसळ ना सगळ्यांत' म्हणणार नाही, काम देईल. चार तासांची प्लेलिस्ट, साठ-पासष्ट गाणी. हातात काम असलं की लाजरा माणूस तासभर टिकतो. आणि पहिलं चुंबन समीरच्या चौथ्या पेगनंतर आहे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ने. दोघंही शुद्धीत हवेत, नाहीतर कोणाची संमती कशाला होती हेच वाचकाला कळणार नाही.

विरुद्ध स्वभाव एकमेकांना ओढतात हे ऐकायला छान. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट विंचने १९५० च्या दशकात परस्परपूरक गरजांचा सिद्धांत मांडला होता, पण पुढच्या अभ्यासांत बहुतेक वेळा सारखेपणाच जिंकला. तेव्हा फरक सवयींत ठेव, मूल्यांत नको. दोघंही शब्दाचे पक्के, दोघांनाही खोटं कौतुक सहन होत नाही, असं काहीतरी पहिल्या तीन प्रकरणांत दिसू दे.

भांडण सगळ्यात कच्चं आहे. समीरच्या जुन्या मित्रावरून गैरसमज? एका फोनने मिटेल. त्याऐवजी एक तक्ता कर: दोघांपैकी कोण कोणाला गे म्हणून माहीत आहे. घरचे, मित्र, कामावरचे, शेजारी. पार्टीबाज सगळीकडे उघड आणि लाजरा लपलेला, असं सरधोपट नको. समीर मित्रांत उघड असेल पण घरी नसेल. केदारच्या बहिणीला माहीत असेल, कामावर कोणालाच नसेल. मग समीर पार्टीचा फोटो टाकतो, त्यात केदारचा हात त्याच्या कमरेवर. कामावरचा कोणीतरी बघतो. फोटो काढून टाकल्याने हे मिटत नाही, म्हणून भांडण टिकतं. माफीही समीरच्या सवयीने, गर्दी जमवून आणि गाणं लावून मागायची नाही. केदारचा त्रासच गर्दी आहे. समीरने फोटो कोणी पाहिला त्यांची यादी आणावी आणि 'यांच्याशी काय बोलायचं ते तू ठरव' म्हणून गप्प बसावं. तुला लिहायला जड जाईल, कारण समीर गप्प बसलेला तू अजून लिहिलाच नाहीस.

मापं: ४०,००० शब्द धरलेस तर भेट पहिल्या ४,००० मध्ये, भांडण ३०,००० च्या सुमारास. आत्ता भेटच ९,००० ला आहे. केदारच्या कंपनीचं वर्णन कापलंस की जागेवर येईल.

शेवटच्या पार्टीत केदार नाचतो, ते नको. तो दीड तास थांबू दे, ठरलेल्या वेळेला समीरच्या खांद्यावर दोनदा टिचकी मारून घरी जाऊ दे. समीर पहाटे तीनला येईल, दिवा न लावता बूट काढेल. उशाशी त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला.

फोटोचं प्रकरण आधी पाठव, बाकीचं सावकाश.

तुझा,
श्रीधर