अक्कलदाढ काढणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमच्या खुर्चीत बसण्याआधी दोन वर्षं मी नुसत्या भीतीपोटी टाळाटाळ केली होती.

आलो तेव्हा डावा गाल सुजलेला आणि तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता काढून टाका. तुम्ही काढली नाहीत. अर्धवट वर आलेल्या दाढेवरच्या हिरडीच्या पदराखाली सलाईनने धुतलंत, गोळ्या दिल्यात आणि आठवड्याने बोलावलंत. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, हे कारणही सांगितलंत. तेव्हा वैताग आला होता. आता वाटतं, घाई न करणं हाच पहिला उपचार होता.

मग तो ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. खालची दाढ चक्क आडवी झोपलेली, शेजारच्या दाढेला डोकं टेकून. तिच्या मुळांखालून जाणाऱ्या दोन पुसट पांढऱ्या रेघांवर तुम्ही पेनाचं टोक ठेवलंत: ‘ही नसेची वाट. नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. ओठ हलेल, पण स्पर्श कमी कळेल. बहुतेकदा भरून येतं, क्वचित येत नाही.’ संमतीच्या कागदावर हे छापलेलं असतंच, पण सही करण्याआधी तो कागद कुणी असा समजावून सांगत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, सिगारेट ओढता का, सगळं विचारलंत. शेवटच्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणालो. त्याकडे येतोच.

‘दाब जाणवेल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.’ हात एकदा वर गेला. तुम्ही खरंच थांबलात, आणखी थोडी भूल दिलीत, जीभ आणि ओठ जड होईपर्यंत वाट पाहिलीत. ड्रिल सुरू करण्याआधी म्हणालात, हाड तापू नये म्हणून पाणी मारत राहणार, गुदमरल्यासारखं वाटलं तर नाकाने श्वास घ्या. दाढ फोडण्याआधी म्हणालात, ‘आता कट् असा आवाज येईल. तो दाढेचा, जबड्याचा नाही.’ आणि तो आलाच, अगदी कानाच्या मुळाशी. आधी सांगितलं नसतं तर मी खुर्चीतून उठून पळालो असतो. आधी दाढेचं डोकं निघालं, मग मुळं, मग तीन टाके. गॉजचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही.

घरी न्यायच्या कागदावर पहिलीच ओळ जाड अक्षरांत होती: चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, धूम्रपान नको. जखमेत धरलेली रक्ताची गुठळी हेच तिचं झाकण, ते ओढलं जाता कामा नये. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असेल, असंही लिहिलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आरशात भोपळा दिसला तरी घाबरलो नाही.

घाबरलो तिसऱ्या रात्री. ठणका कानात चढला, तोंडाला घाण वास, गोळीने काही फरक नाही. सकाळी तुम्ही आत पाहिलंत आणि शांतपणे विचारलंत, ‘ओढलीत ना?’ खड्डा रिकामा होता, हाड उघडं पडलेलं. ड्राय सॉकेट. ‘सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतो, पण ओढणाऱ्यांना जास्त’ म्हणालात. एवढंच. एका शब्दाने ओरडला नाहीत. खड्डा धुतलात, लवंगेच्या तेलाचा वास येणारी औषधाची पट्टी आत बसवलीत, आणि मी जिना उतरेपर्यंत ठणका निम्म्यावर आला होता. मी अँटिबायोटिक मागितलं, तर ‘पू नाही, ताप नाही, कशाला?’ म्हणून दिलं नाहीत. दोन दिवसांनी पट्टी बदललीत, सातव्या दिवशी टाके काढलेत.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले. धास्तीने मी विचारलं होतं, उरलेल्या तीन अक्कलदाढाही काढून टाकू का? तुम्ही म्हणालात, ‘सरळ आल्यात, ब्रश पोचतो, कीड नाही. असू देत, बघत राहू.’ ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने 2000 सालीच निरोगी अक्कलदाढा उगाच काढू नका असं सांगितलंय, हे मी नंतर वाचलं. सगळीकडे हा प्रश्न इतका सरळ सुटलेला नाही म्हणे. पण काम मिळत असताना ‘नको’ म्हणणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

खड्डा आता भरत आलाय. तुम्ही दिलेली वाकड्या टोकाची सिरिंज बेसिनपाशीच आहे, जेवणानंतर त्यात कोमट पाणी भरून खड्डा धुतो.

आणि हो, त्या सकाळी मी ‘एकच ओढली’ म्हणालो होतो. तीन होत्या.

तुमचा,
खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला पेशंट